पहिली जादा लेन्स म्हणून ५० एमएम: चितार ओळीतल्या असाइनमेंटनंतरचं माझं मत

किट लेन्सनंतर (कॅमेऱ्यासोबतच मिळते ती) पहिली जादा लेन्स कोणती घ्यावी, असं डिपार्टमेंटमधल्या ज्युनियर्सनी विचारलं की मी एकच नाव सांगते: कॅनन ईएफ ५० एमएम एफ/१.८ एसटीएम. पण अरुंद आणि अंधाऱ्या जागेत काम करायचं असेल तर ती काय करू देते आणि काय करू देत नाही, हे पैसे मोजायच्या आधी नीट समजून घ्या, हेही लगेच सांगते. या लेन्सच्या बहुतेक व्हिडिओंत बागेत उभी असलेली मुलगी आणि तिच्या मागे धूसर झालेले गोल दिवे दिसतात. ते छानच दिसतं. मला मात्र ही लेन्स समजली ती नागपूरच्या महाल भागातल्या चितार ओळीत, म्हणजे मूर्तिकारांच्या गल्लीत, मातीच्या गणपतींमध्ये बसून.

आमच्या मासकॉमच्या दुसऱ्या वर्षाला फोटो स्टोरीची असाइनमेंट होती. एक कारागीर, त्याचं काम, बारा फोटो. मॅडमनी अटी फळ्यावरच लिहून दिल्या: लेन्स एकच, फ्लॅश नाही, क्रॉप नाही (काढलेला फोटो नंतर कापायचा नाही), माणसाला ‘असं बसा, असं बघा’ म्हणायचं नाही, आणि प्रत्येक फोटोखाली स्वतःच्या शब्दांत दोन ओळी. कोणी इतवारीत भांड्यांवर नावं टाकणारा धरला, कोणी कळमन्याच्या बाजारात संत्री निवडणाऱ्या बाया. मी चितार ओळ घेतली. आमचा घरचा गणपती तिथूनच येतो. आधी पाट नेऊन द्यायचा, त्यावर खडूनं नाव टाकायचं आणि चतुर्थीला सकाळी जाऊन मूर्ती आणायची. म्हणजे ओळख होती, पण ती गिऱ्हाइकाची. मूर्ती होते कशी, हे मी कधी बसून पाहिलं नव्हतं.

कॅमेरा कॅनन १५००डी, भावाकडून आलेला. त्यावर ही लेन्स लावली की आधी हलकेपणा जाणवतो. वजन साधारण १६० ग्रॅम. दुपारभर गळ्यात राहिली तरी मान भरून येत नाही आणि समोरच्या माणसालाही बिचकल्यासारखं होत नाही. हे दुसरं मला जास्त मोलाचं वाटतं. लांबलचक झूम रोखला की माणूस आखडतो; ही एवढीशी लेन्स बघून कोणी हातातलं काम थांबवत नाही.

आता मुख्य मुद्दा, अंतराचा. १५००डी, २००डी, ३०००डी हे सगळे क्रॉप सेन्सरचे कॅमेरे आहेत, म्हणजे त्यांचा सेन्सर ३५ एमएम फिल्मएवढ्या ‘फुल फ्रेम’ सेन्सरपेक्षा लहान असतो. त्यांवर ५० एमएमची चौकट फुल फ्रेमवरच्या ८० एमएमएवढी अरुंद होते. याचा अर्थ जमिनीवर असा: दोन मीटरवरून आडवा फोटो काढला तर चौकटीत जेमतेम ९० सेंटीमीटर रुंदीची जागा मावते. उभा माणूस डोक्यापासून पायापर्यंत घ्यायचा तर कॅमेरा उभा धरूनही जवळपास चार मीटर मागे जावं लागतं. चितार ओळीतल्या कारखान्यांत चार मीटर मागे जायला जागाच नसते. मागे भिंत, भिंतीला लागून फळ्या, फळ्यांवर वाळत घातलेल्या मूर्ती, आणि खाली पाय ठेवायलाही मातीच्या गोळ्यांमधून वाट काढायची.

म्हणून पहिला अख्खा आठवडा माझ्या फोटोंत माणूस पूर्ण असा नव्हताच. हात होते, खांदा होता, गुडघ्यावर टेकवलेली सोंड होती. काकाजी (मूर्तिकाराला मी पहिल्यापासून काकाजीच म्हणत होते, तिथे सगळेच म्हणतात) सुरुवातीला म्हणायचे, ‘काहून वं पोरी, दारातून काय दिसते तुले? इकडे ये, बस अशी.’ आणि खरोखरच दारातून या लेन्समध्ये काही धड येत नव्हतं. शेजारी जाऊन पोत्यावर बसलं की सगळं येत होतं. हीच या लेन्सची जागा: समोरासमोर बसून दोन माणसं बोलतात, तेवढं अंतर. तेवढ्या अंतरावर लपून फोटो काढता येत नाही. विचारावं लागतं, बोलावं लागतं, ऐकावं लागतं. आमच्या असाइनमेंटला नेमकं तेच हवं होतं.

त्या बसण्यातच कॅप्शनचं अर्धं काम झालं. आत उकाडा इतका की कॅमेऱ्याचा पट्टा घामानं भिजायचा, आणि पंखा मात्र बंद. मी विचारलं तर काकाजी म्हणाले, ‘पंखा लावला का वरून वाळते अन् आतून ओली राह्यते. मंग तडा जाते.’ बांबूचा सांगाडा, त्यावर सुतळीनं आवळलेलं तणस (भाताचा वाळका पेंढा), त्यावर मातीचे थर. प्रत्येक थर सावकाश वाळायला हवा. बारीक तडे गेलेच तर पातळ मातीचा हात फिरवून बुजवायचे. आणि हे सगळं भर पावसाळ्यात, जेव्हा हवेतच ओल असते. दारासमोर ताडपत्री, आत एक पिवळा बल्ब, एक जुनी ट्यूबलाइट. तिथे बसेपर्यंत मूर्तीच्या किमतीवरून घासाघीस करणारे आमच्यासारखे गिऱ्हाईक मला वावगे वाटत नव्हते. आता वाटतात.

उजेडाचं सांगते, कारण पैसे वसूल होतात ते इथेच. किट लेन्स १८-५५ ही ५५ एमएमवर एफ/५.६ च्या पुढे उघडत नाही. ही ५० एमएम मात्र एफ/१.८ पर्यंत उघडते. एफचा आकडा जितका लहान, तितकी लेन्स जास्त उघडते. फरक तीन स्टॉपहून जास्त (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट), म्हणजे जवळपास दहापट उजेड. माझे आतले बहुतेक फोटो एफ/२ किंवा २.२, शटर १/१०० सेकंद, आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) १६०० असे आहेत. तोच उजेड किट लेन्सवर झूम करून घ्यायचा म्हटलं तर आयएसओ १०,००० च्या वर न्यावा लागला असता, आणि १५००डीचा आयएसओ नेहमीच्या रेंजमध्ये ६४०० लाच संपतो. वाढवून १२,८०० मिळतो, पण त्यावर मातीचा पोत राहत नाही, नुसते दाणे दिसतात. ओल्या मातीवर बोटांचे ठसे असतात, ते दिसले नाहीत तर अशा स्टोरीत उरतं काय?

शटर १/१०० का, तर जुन्या चोकच्या ट्यूबलाइटमुळे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे अशी ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. डोळ्याला कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. शटर १/५०० वर नेलं की एक फोटो उजळ, दुसरा मळकट, तिसऱ्यात अर्ध्या चौकटीवर काळसर पट्टा. स्वस्तातल्या काही एलईडी दिव्यांतही हेच होतं. १/१०० किंवा १/५० वर राहिलं की हा त्रास बहुतेक जातो. पण ५० एमएमवर आणि स्टॅबिलायझेशन, म्हणजे हाताची थरथर सावरणारी सोय, नसताना (या लेन्समध्ये ती नाहीच) १/५० ला हात हलतो. म्हणून १/१०० आणि कोपरं गुडघ्यावर टेकवलेली.

रंगाचा गोंधळ त्याहून मोठा होता. रस्त्याच्या बाजूनं निळ्या ताडपत्रीतून गाळून आलेला उजेड, आतून पिवळा बल्ब. एकाच मूर्तीचा एक गाल निळा, दुसरा हळदीसारखा. ऑटो व्हाइट बॅलन्सला (कॅमेऱ्यानं आपोआप रंग जुळवणं) हे झेपत नाही आणि रॉमध्ये, म्हणजे कच्च्या फाइलमध्ये, काढलं तरी दोन रंगांच्या उजेडाचा मेळ एका स्लायडरनं बसत नाही. इलाज एकच: एकाच उजेडावर काम करायचं. इथे एफ/१.८ कामी आला. काकाजी रंग देताना बल्ब स्वतःच मालवतात, रंग दिवसाच्या उजेडातच पारखायचा म्हणून. मग उरतो फक्त दारातून येणारा उजेड, तोही पावसाळी. किट लेन्सला तो पुरला नसता, हिला पुरला. कोऱ्या कागदावर व्हाइट बॅलन्स सेट केला आणि शाडू जशी दिसते तशी दिसली.

आता जिथे ही लेन्स सोपी नाही ती गोष्ट: फोकस. एक मीटरवरून एफ/१.८ ला नीट दिसणारा पट्टा सुमारे अडीच सेंटीमीटरचा असतो. सगळ्यात जवळ, म्हणजे ३५ सेंटीमीटरवर गेलात तर जेमतेम तीन मिलिमीटर. १५००डीमध्ये फोकसचे पॉइंट नऊच आणि त्यांतला मधला सगळ्यांत भरवशाचा. आणि काकाजी तर हलत असतात.

आखणीच्या दिवशी हे सगळं एकदम अंगावर येतं. आखणी म्हणजे डोळे काढणं. काकाजींची एक अट पहिल्या दिवसापासून होती: आखणी होईस्तोवर मूर्तीच्या तोंडाचा समोरून फोटो नाही. ‘डोये नाई त कोणाचा फोटो काढतं?’ त्यांचं म्हणणं मला पटलं आणि मी ते पाळलं. म्हणून आखणी बाजूनं बसून टिपली. उजव्या हातात अगदी बारीक ब्रश, करंगळी मूर्तीच्या गालावर टेकलेली, आणि त्या करंगळीवर सगळ्या हाताचा भार. भुवईची रेघ सुरू झाली की ती संपेपर्यंत श्वास नाही. ब्रशचं टोक आणि काकाजींचा डोळा यांत हातभर अंतर. एफ/१.८ सोडा, एफ/४ लाही पट्टा सहा सेंटीमीटरपेक्षा कमीच असतो. दोन्ही एकदम स्पष्ट येणारच नाहीत. निवडावं लागतं.

मी दोन्ही काढले. एकात ब्रशचं टोक आणि बुबुळाचा काळा ठिपका ठसठशीत, मागे काकाजींचा चेहरा विरघळलेला. दुसऱ्यात काकाजींचा चष्म्यामागचा डोळा स्पष्ट आणि पुढे मूर्तीची कड नुसतीच पांढुरकी. पहिला दिसायला जास्त सुंदर आहे, सगळ्यांना तोच आवडतो. बारांत मी दुसरा ठेवला. पहिल्यात कारागिरी दिसते, दुसऱ्यात कारागीर दिसतो, आणि असाइनमेंट कारागिराची होती. मॅडमनी दोन्ही शेजारी शेजारी ठेवून वर्गाला विचारलं, कोण कोणाकडे बघतंय? त्या एका प्रश्नावर आमचा अख्खा तास गेला. मला आजही माझी निवड बरोबर वाटते.

त्याच तासाला त्यांनी दुसरंही एक दाखवलं. बाकीच्या फोटोंकडे बोट करून म्हणाल्या, ‘हा माणूस राहतो कुठे, बसतो कुठे? ही ओळ कुठे आहे यात?’ पक्क्या निवडीला अजून वेळ होता. लेन्स बदलायची परवानगी नव्हती, म्हणून मी रस्ता ओलांडला. समोरच्या दुकानाच्या ओट्यावरून अंतर पुरेसं मिळतं. तिथून काकाजींचं दार, दारात ओळीनं मांडलेले लोकांचे पाट, वर ताडपत्री, आणि आत पाठमोरे काकाजी, सगळं एका चौकटीत आलं. मध्ये सायकली, ऑटो, हातगाड्या येत-जात राहतात, तेव्हा रिकामा क्षण मिळेपर्यंत थांबावं लागतं. लांबून, ८० एमएमसारख्या अरुंद नजरेनं बघितल्यामुळे मागची मूर्ती आणि पुढचा रस्ता एकमेकांच्या जवळ आल्यासारखे दिसतात, आणि चितार ओळ खरोखरच तशी आहे: रस्ता संपतो कुठे आणि कारखाना सुरू होतो कुठे, कळत नाही. हा फोटो मी स्टोरीत पहिला लावला. मुद्दाम सांगते, कारण ‘५० एमएमनं जागा दाखवता येत नाही’ असं सर्रास म्हणतात. येते. फक्त जागेच्या बाहेर पडून दाखवावी लागते.

लेन्सच्या उणिवाही लिहिते. एफ/१.८ ला कडा जरा मऊ येतात, आणि काळ्या-पांढऱ्याच्या सीमेवर, उदाहरणार्थ पांढऱ्या मूर्तीमागे अंधार असला की, जांभळट कड दिसते. एफ/२.८ ला बरीच कमी होते, एफ/४ ला चित्र स्वच्छ. फोकस होताना पुढची नळी किंचित बाहेर येते आणि मागे जाते. ती बाहेर असताना धक्का लागू देऊ नका. हाताची फोकस रिंग थेट काचेला जोडलेली नाही, मोटरला जोडलेली आहे, त्यामुळे कॅमेरा बंद असताना ती फिरवून उपयोग नाही. धूळ-पाण्यापासून कसलंही सील नाही. चितार ओळीत मातीची धूळ आणि स्प्रेगनचा रंग दोन्ही उडतात, म्हणून ४९ एमएमचा साधा यूव्ही फिल्टर लावूनच आत जायचं. हूड (काचेला आडोसा करणारी नळी) डब्यात येत नाही, वेगळा घ्यावा लागतो, आणि घ्यावा, कारण नाकासमोर बल्ब लटकत असतो.

प्रिंटचंही या कामात धरते, कारण आमचं सबमिशन प्रिंटवर होतं. क्रॉप नाही अशी अट असेल तर ८ बाय १० इंच मागू नका, त्यात फोटोची लांबीकडची बाजू कापली जाते. ८ बाय १२ किंवा १२ बाय १८ घ्या. कॅमेऱ्याचं ३:२ प्रमाण तेच आहे. १५००डीच्या ६००० बाय ४००० पिक्सेलमधून १२ बाय १८ ला इंचाला ३३३ पिक्सेल मिळतात, पुरून उरतात. आणि लॅबमध्ये ‘करेक्शन करू नका’ असं पाकिटावर लिहूनच द्या. एका ठिकाणी माझी शाडूची माती यंत्रानं आपोआप उजळून गुलाबीसर करून दिली होती. पुन्हा काढून घेतल्यावर ती राखाडी झाली, हवी होती तशी.

मग दुसरं काही घ्यावं का? तुमचं काम मुख्यतः आतलं असेल, म्हणजे स्वयंपाकघर, शिंप्याचं दुकान, हातमागाची खोली, तर ईएफ-एस २४ एमएम एफ/२.८ एसटीएम जास्त सोयीची आहे. ती या कॅमेऱ्यांवर सुमारे ३८ एमएमसारखी दिसते, १६ सेंटीमीटरपर्यंत जवळ जाते आणि वजनाला याहून हलकी. पण उजेड एक स्टॉपहून जास्त कमी घेते. निकॉनवाल्यांना डीएक्स ३५ एमएम एफ/१.८ जी आहे, क्रॉपवर ५२ एमएमच्या आसपास, आणि खरं सांगायचं तर अशा असाइनमेंटला ती कॅननच्या ५० पेक्षा सोपी पडते. आमच्या वर्गातल्या संत्र्यांच्या स्टोरीत तीच होती. कळमन्याच्या गर्दीत बायांचे हात, ढीग आणि मागचा ट्रक, सगळं एकत्र आलं होतं. माझ्या फोटोंत तेवढी दुनिया नाही. माझ्यात जवळीक जास्त आहे. कोणाला काय हवंय, त्यावर ठरवा.

नवीची किंमत बदलत राहते. घेण्याआधी दोन-तीन ठिकाणी विचारा. कॅनन आता मिररलेसकडे वळल्यामुळे जुन्या ईएफ लेन्स सेकंडहँडला बऱ्याच येतात. विद्यार्थ्यांनी खुशाल सेकंडहँड घ्यावी, मात्र बघून. मोबाइलचा टॉर्च मागच्या काचेतून टाका आणि पुढून बघा, आत कोळ्याच्या जाळ्यासारखं दिसलं तर बुरशी आहे, हात लावू नका. पावसाळ्यात बॅग बंद कपाटात राहिली की बुरशी धरतेच, म्हणून आपलीही लेन्स सिलिका जेलच्या पुड्या टाकून हवाबंद डब्यात ठेवा. पुढच्या नळीवर चेपल्याची खूण नको. कॅमेऱ्याला लावून जवळ-लांब, जवळ-लांब फोकस करून बघा, मोटर अडखळायला नको. माउंट धातूचा आहे ना, तेही बघा. प्लॅस्टिक असेल तर ती १९९० ची आधीची एफ/१.८ II आहे. तिला छिद्र लहान-मोठं करणारी पाती पाचच आणि तिचा फोकस ४५ सेंटीमीटरपेक्षा जवळ जात नाही. २०१५ च्या या एसटीएमला पाती सात आहेत. जुनी फारच स्वस्तात मिळाली तर घ्यायला हरकत नाही, पण एसटीएमच्या भावात घेऊ नका.

यंदा कोणी चितार ओळ घेणार असेल तर पोळ्याच्या आधी जा. पोळा झाला, मारबत (पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची मिरवणूक) निघाली की पुढचे थोडेच दिवस उरतात आणि काकाजींना मान वर करायला फुरसत नसते. महालक्ष्म्यांचे मुखवटे, घरगुती मूर्ती, मंडळांच्या मोठ्या मूर्ती, सगळ्यांची घाई एकाच वेळी. आषाढात गेलात तर तणस बांधण्यापासून बघायला मिळेल. आणि अनंत चतुर्दशीला काम संपलं असं समजू नका. पितृपक्षात हडपक्या गणपती असतो, त्यामागोमाग नवरात्राच्या देवी. तेव्हा ताडपत्री निघालेली असते, पाऊस ओसरलेला असतो आणि दारातला उजेड पुष्कळ बरा असतो. देवीच्या मोठ्या मूर्तीला मात्र ही लेन्स आतून पुरणार नाही. समोरच्या ओट्यावर जाऊन दुकानदाराला विचारा, बसू देतात.